नकली सहाबारी : प्रस्तावना

हौशी नाटक मंडळींच्या तालमीत एक प्रश्न हमखास उशिरा निघतो. संहिता पक्की झालेली असते, पात्रं ठरलेली असतात, कपडेपटाची यादीही निघते. मग कोणीतरी विचारतं, "रिव्हॉल्व्हरचं काय करायचं?" उत्तर जागच्या जागी मिळतं. दादर स्टेशनबाहेर एखादं खेळणं मिळेल, कोणाच्या तरी पोराचं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल घरात पडलेलं असेल, नाहीतर भाड्याने आणू. प्रयोगाच्या रात्री हे उत्तर महागात पडतं. प्लास्टिक दिव्याखाली लकाकतं, घोडा हलतच नसल्यामुळे नटाचा अंगठा हवेत फिरतो आणि ज्या क्षणासाठी लेखकाने दोन अंक बांधत आणले तिथेच प्रेक्षागृहात खसखस पिकते.

हे पुस्तक या एका वस्तूविषयी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या 'सिंगल अॅक्शन' रिव्हॉल्व्हरची, म्हणजे दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो अशा सहाबारीची, खिशाला झेपणारी आणि कधीही न उडणारी नक्कल कशी निवडावी, हा त्याचा विषय. रंगमंचासाठी, लघुपटासाठी किंवा घरच्या काचेच्या कपाटासाठी ती घेणारा वाचक डोळ्यांसमोर आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात नाटक करणारी, नाटकाला लागणाऱ्या वस्तू घडवणारी आणि जुन्या वस्तूंवर जीव लावणारी माणसं अजून आहेत. त्यांना हाताशी धरूनच हे पुस्तक लिहिलं आहे.

एवढ्या रिव्हॉल्व्हरांतून हीच का, असं कोणी विचारील. तिच्या यंत्रणेत अभिनयाला जागा आहे, हे माझं उत्तर. 'डबल अॅक्शन' रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो आणि पडतो. सगळं बोटाच्या आत उरकतं. सिंगल अॅक्शनमध्ये चापाला घोडा मागे नेता येत नाही, तो फक्त घोडा सोडतो. घोडा अंगठ्याने ओढायचा, त्याबरोबर सहा घरांचं चक्र एक घर पुढे सरकतं आणि अडकतं, मग चाप. कोल्टच्या १८७३ च्या नमुन्यात घोडा पूर्ण मागे येईपर्यंत चार टिचक्या ऐकू येतात. म्हणजे गोळी सुटण्याआधी धमकी आहे, विचार बदलायला अवधी आहे, समोरच्या पात्राला ऐकू जाणारा आवाज आहे. नटाने घोडा ओढला आणि न उडवता अंगठ्याने हलकेच परत खाली आणला, तर एका शब्दाशिवाय माफी दिली गेली. दुसऱ्या कुठल्या हत्याराने हे इतकं स्वच्छ होत नाही.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण बाजारात नक्कल विकणारा माणूस अनेकदा वेगवेगळ्या नमुन्यांना एकाच नावाने हाक मारतो. सॅम्युअल कोल्टला फिरत्या चक्राचं अमेरिकन पेटंट मिळालं १८३६ मध्ये. सुरुवातीच्या सहाबाऱ्यांत काडतूस नव्हतं. प्रत्येक घरात समोरून दारू आणि गोळी ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची. १८५१ चं 'नेव्ही' आणि १८६० चं 'आर्मी' हे या पद्धतीचे सर्वांत देखणे नमुने. त्यांच्या चक्रावर वरून पट्टी नसते, वरची बाजू उघडी असते. रेमिंग्टनने वर पट्टी ठेवून सांगाडा बंद आणि भक्कम केला. स्मिथ अँड वेसनने मधूनच मोडणारी, एका झटक्यात रिकामी काडतुसं बाहेर टाकणारी रचना आणली. चक्राची घरं आरपार कोरण्याचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या ताब्यात होतं. ते १८६९ मध्ये संपलं आणि कोल्टला धातूच्या काडतुसांचा मार्ग मोकळा झाला. त्यातून १८७३ चं 'सिंगल अॅक्शन आर्मी' जन्माला आलं. अमेरिकन लष्कराने ते घोडदळासाठी घेतलं. पुढे 'पीसमेकर' या नावाने ते जगभर ओळखलं गेलं. उजव्या बाजूला छोटी झडप, तिच्यातून एकेक काडतूस भरायचं. नळीखाली दांडी, तिने एकेक टरफल ढकलून काढायचं. लष्करी नमुन्याची नळी साडेसात इंची, नंतर साडेपाच आणि पावणेपाच इंची निघाल्या. वजन किलोच्या आसपास. ज्यांनी हा आकार एकदा नीट पाहिला, त्यांच्या डोळ्यांना पुढे फसवणं अवघड जातं, आणि नक्कल निवडण्याची निम्मी विद्या एवढीच आहे.

सहाबारी मुंबईकरांच्या डोळ्यांत भरली ती हातात धरून नव्हे, पडद्यावर आणि पुस्तकात पाहून. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश सरकारने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं आणि बहुतेकांच्या हातून काढूनच घेतलं. गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या कारकुनाला किंवा लालबागच्या गिरणीतल्या सांचेवाल्याला बंदूक दिसायची ती शिपायाच्या खांद्यावर. सहाबारी मात्र त्याला परळमध्येच भेटली. जमशेद आणि होमी वाडिया या बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हिटोन सुरू केली, तिचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये होता. तिथे १९३५ मध्ये 'हंटरवाली' तयार झाला. नायिका नादियाचा चाबूक सगळ्यांच्या लक्षात राहिला; पण त्या स्टंटपटांच्या जगात घोडेस्वारी, बुरखा, धावत्या गाडीच्या टपावरची मारामारी आणि पिस्तूल हा सगळा सरंजाम एकत्र नांदत होता. अमेरिकन काऊबॉयपटांची मुंबईची आवृत्ती गिरणगावाच्या कुशीत घडत होती, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त ठरू नये. त्याच जागेत १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. दादरला चंदुलाल शहांचं रणजित मूव्हिटोन होतं. मोठ्या स्टुडिओंना लाकडी तलवारी, नकली बंदुका, ढाली सतत लागायच्या आणि त्या घडवणारे हात जवळपासचे होते.

वाचकांना हत्याराची ओळख करून देण्याचं काम बाबुराव अर्नाळकरांनी केलं. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्यांना पिस्तूल रोखून उभं राहण्याची ऐट शिकवली. गिरगावातली मुलं दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल कमरेला खोचून चाळीच्या जिन्यावर दबा धरून बसायची, तेव्हा त्यांच्या मनात टेक्सास क्वचितच असायचं. झुंजार नक्की असायचा. मग १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' आला. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सर्जिओ लिओनेच्या इटालियन वेस्टर्नचे संस्कार घेतलेलं ते चित्र मुंबईने आपलं मानलं आणि कमरेला लटकणारं हत्यार, खडकाळ माळ, लांब शांतता ही भाषा इथल्या एकांकिकांपर्यंत पोचली.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. आपल्या इतिहासावरच्या नाटकांत 'पीसमेकर' बहुतेक वेळा चुकीचं असतं. १८५७ च्या प्रसंगात इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात अॅडम्सचं रिव्हॉल्व्हर शोभतं किंवा कोल्टचं ठासणीचं नेव्ही. कोल्टने १८५३ मध्ये लंडनलाच कारखाना उघडला होता, त्यामुळे ते अशक्य नाही. १८८७ नंतरचा ब्रिटिश अधिकारी दाखवायचा तर वेब्ली हवं, मधून मोडणारं, जाड मानेचं आणि डबल अॅक्शन. नाशिकच्या जॅक्सन वधाचं तर उदाहरण रंगभूमीच्या इतकं जवळचं आहे की त्यात चूक होता कामा नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. वापरलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं ते एक. ब्राउनिंग सपाट, स्वयंचलित, मुठीत दडणारं. त्याला चक्र नाही. हा प्रसंग उभा करताना नटाच्या हाती गोल पोटाची काऊबॉयची सहाबारी दिली, तर आपण एका हुतात्म्याच्या कृतीतला नेमकेपणा घालवतो. पेटीच्या चोरकप्प्यातून एवढी पिस्तुलं का येऊ शकली, ती अंगरख्याखाली का लपली, हे सगळं त्या सपाट आकारात आहे. म्हणून नक्कल विकत घेण्याआधी आपल्या नाटकाचं साल आणि पात्र तपासावं. पुष्कळदा उत्तर 'सिंगल अॅक्शन नको' असं येईल, आणि ते उत्तर मिळालं तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले.

आता नकलांकडे येऊ. जगात यांचे ढोबळ पाच-सहा पंथ आहेत.

पहिला पंथ इटलीचा. अमेरिकेत १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर वेस्टर्न मालिकांचा पूर आला. जुन्या सहाबाऱ्यांना अचानक मागणी आली. कोल्टने १९४० च्या सुमारास थांबवलेलं उत्पादन १९५६ मध्ये पुन्हा सुरू केलं. अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीची चाहूल होतीच. उत्तर इटलीतल्या व्हाल त्रोंपिया या शस्त्रकारांच्या खोऱ्यात आणि आसपास उबेर्ती आणि पिएत्ता यांसारखी घराणी या नकला बनवू लागली. लिओनेच्या चित्रपटांना सहाबाऱ्या हाताशी मिळाल्या त्या यामुळेच. या नकला दिसायला उत्तम, पण त्या खऱ्या उडतात. भारतात त्या पूर्ण अर्थाने बंदुकाच आहेत आणि परवान्याशिवाय त्यांचा विचारही करू नये. आंतरजालावर 'स्वस्त आणि मस्त रेप्लिका' म्हणून जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतांशी या पंथाबद्दल असतात. आपल्यासाठी त्यांचा उपयोग आकार, रंग आणि झीज पाहण्यापुरता.

दुसरा पंथ स्पेनचा. मिनोर्का बेटावरची डेनिक्स ही कंपनी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या, न उडणाऱ्या नकला करते. घोडा ओढता येतो, चक्र फिरतं, चाप चालतो, वजन खऱ्याच्या जवळ जातं. पण धातू आणि रचना अशी की काडतूस उडवण्याचं काम त्यातून होऊ शकत नाही. कपाटात ठेवायला आणि छोट्या रंगमंचावर वापरायला हा पंथ मला सर्वांत योग्य वाटतो. दोष एकच: हा मिश्रधातू ठिसूळ असतो. लाकडी फळ्यांच्या रंगमंचावर दोनदा पडलं की घोड्याचं टोक तुटतं आणि त्याला वेल्डिंग बसत नाही.

तिसरा जपानचा. तिथे खाजगी पिस्तूल जवळपास अशक्य, म्हणून हौशी लोकांनी 'मॉडेल गन'ची स्वतंत्र संस्कृती उभी केली. आतले भाग खऱ्यासारखे, नकली काडतुसं भरता-काढता येतात, पण नळी बंद. या नकलांचा गुन्ह्यांत वापर होऊ लागला तेव्हा जपानने १९७१ मध्ये धातूच्या मॉडेल पिस्तुलांना पांढरा किंवा सोनेरी-पिवळा रंग आणि बंद नळी सक्तीची केली. छंदही राहिला आणि रस्त्यावरची भीतीही कमी झाली. आपल्याकडच्या विचाराला हा धडा फार उपयोगी आहे.

चौथा पंथ वायूवर चालणाऱ्यांचा. जर्मनीच्या उमारेक्सने कोल्टच्या परवानगीने काढलेलं 'पीसमेकर' पाहायला अप्रतिम आहे. पण त्यातून छर्रा सुटतो. नटाच्या दिशेने रोखायच्या वस्तूतून काहीही बाहेर पडू नये, या नियमात ते बसत नाही, म्हणून रंगमंचासाठी मी ते बाद करतो.

पाचवा आपला घरचा: टिकल्यांचं पिस्तूल. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस यांचं चिमूटभर मिश्रण असतं. घोड्याच्या ठोक्याने ते फुटतं. ते आवाज करतं, धूर सोडतं, स्वस्त आहे. पण मुंबईच्या दमट हवेत टिकली ऐनवेळी फुसकी निघते आणि नाटकाला 'बहुतेक वाजेल' असली वस्तू चालत नाही. लहान मुलांसाठी ते विकत घेणाऱ्यांनी १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं आहे, एवढं पाहावं.

आणि सहावा पंथ, ज्याला कोणत्याही कॅटलॉगात जागा नाही: इथेच घडलेली नक्कल. लालबाग-परळ-चिंचपोकळीच्या गणपती कारखान्यांत साचा काढणं, शाडू, प्लास्टर आणि फायबर ओतणं, रंग फवारून धातूचा भास आणणं हे कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. गदा, त्रिशूळ, मुकुट घडवणाऱ्या हातांना एक रिव्हॉल्व्हर जड नाही. स्पॅनिश नकलेवरून घेतलेल्या साच्यात फायबर ओतलं, आत शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा घालून वजन आणलं, काळ्या मॅट रंगावर शिसपेन्सिलीची पूड चोळली, की पाचव्या रांगेतून ती ओतीव पोलादासारखी दिसते. मुठीला शिसवी रंगाचा हात दिला आणि धारावीतून चामड्याचं म्यान शिवून आणलं, तर फारच छान. घोडा हलणार नाही, हे खरं. पण पडून फुटणारही नाही. माझ्या मते रंगमंचावर दोन नकला असाव्यात. एक हातात धरण्याची, हलत्या घोड्याची. दुसरी पडण्या-फेकण्याची, फायबरची किंवा कडक रबराची. दोन्हींचा खर्च मिळूनही एका महागड्या आयात वस्तूपेक्षा कमी होतो आणि नट निर्धास्तपणे काम करतो.

निवडीचं खरं माप आहे अंतर. गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नळीवरची कोरीव अक्षरं दिसणार नाहीत. त्याला दिसतो आकार, हाताची वजन पेलण्याची पद्धत आणि अंगठ्याची हालचाल. तिथे पैसा घोड्यावर आणि वजनावर घालावा, पृष्ठभागावर नव्हे. हलकं हत्यार धरणाऱ्या नटाचं मनगट खोटं बोलतं आणि ते बाल्कनीतूनही कळतं. याउलट सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक रंगभूमी बहरली, तेव्हा प्रेक्षक नटापासून हातभर अंतरावर होता. अशा छोट्या जागेत आणि मोबाईलवर चित्रित होणाऱ्या लघुपटात जस्ताच्या ओतकामाची शिवण, मुठीवरचा प्लास्टिकचा तजेला, चक्राच्या बंद घरांतला रंग, सगळं उघडं पडतं. तिथे पृष्ठभागाला पैसा लागतो. कपाटासाठी घेणाऱ्याचा हिशोब आणखी वेगळा: त्याला वस्तू रोज पाहायची आहे, म्हणून प्रमाणबद्धता सर्वांत आधी. काळा घोडा भागातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. तिथल्या जुन्या पोलादावर हाताच्या घामाने, तेलाने, म्यानाच्या घर्षणाने झीज कुठे येते ते एकदा निवांत पाहून यावं. नकलेवर झीज रंगवणारे बहुधा ती सगळीकडे सारखी रंगवतात. खरी झीज कडांवर, नळीच्या तोंडाशी आणि घोड्याच्या माथ्यावर असते.

आवाजाबद्दल माझं मत पक्कं आहे आणि पुस्तकात ते लपवलेलं नाही. बार हत्यारातून काढू नये. तो विंगेतून यावा. पूर्वी विंगेत फळीवर फळी आपटत किंवा फटाका लावत. आता ध्वनिसंयोजकाच्या बोटाखाली हवा तो आवाज आहे. नट आणि ध्वनिसंयोजक यांची वेळ जुळवायला तालमी लागतात, त्या कराव्यात. बिनगोळीच्या (ब्लँक) काडतुसांना निरुपद्रवी समजणाऱ्यांनी जॉन-एरिक हेक्समचं नाव लक्षात ठेवावं. १९८४ मध्ये या अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या सेटवर थट्टेत असं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढला आणि त्यात त्याचा अंत झाला. गोळी नव्हती, जवळून सुटलेल्या बाराचा जोर पुरेसा होता. आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट' या वेस्टर्नच्या तालमीत छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव गेला, तो पिएत्ताने बनवलेल्या सिंगल अॅक्शन कोल्टच्या नकलेतून. ज्या वस्तूविषयी हे पुस्तक आहे, तिच्याच उडणाऱ्या भावंडातून. सेटवर खरं काडतूस आलं, कोणी नीट तपासलं नाही. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला २०२४ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. एवढं होऊनही 'जरा खरं वाटेल' म्हणून उडणारं हत्यार मागणाऱ्या दिग्दर्शकाला ठाम नकार देणं हे रंगमंच व्यवस्थापकाचं कर्तव्य आहे, आणि त्याच्या पाठीशी संस्थेने उभं राहायला हवं.

कायद्याची बाजू वाचकाला कंटाळवाणी वाटेल, तरी ती टाळता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं सहावं कलम नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यावर निर्बंध घालतं. म्हणजे नळीला भोक पाडून 'थोडं खरं' करण्याचा खटाटोप हा सरळ गुन्हा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रतिकृतींची आणि नाटक-चित्रपटांसाठी लागणाऱ्या शस्त्रांची वेगळी दखल घेतली आहे. परदेशातून काही मागवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारणा करावी, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. शिवाय मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्याविरुद्ध मनाई आदेश निघत असतात. गर्दीच्या लोकलमध्ये पिशवीतून मूठ बाहेर डोकावणारी नक्कल घेऊन दादरला उतरणं हे स्वतःवर आणि इतरांवर संकट ओढवणं आहे. नक्कल कुलूपबंद पेटीत, संस्थेच्या पत्रासह, सामानाच्या टेम्पोतून न्यावी. समोरच्याला ती खरी वाटावी यासाठीच आपण एवढा खटाटोप केलेला असतो. मग रस्त्यावरच्या शिपायाला ती खरी वाटली तर दोष त्याचा नाही.

हे सगळं आत्ताच लिहायची निकड का वाटली? लघुपट काढणं आता कोणाच्याही आवाक्यात आलं आहे, त्रिमितीय छपाईने कुठलाही आकार घरच्या टेबलावर तयार होतो, आणि सिगारेट पेटवण्याच्या लायटरपासून धातूच्या शोभेच्या वस्तूंपर्यंत पिस्तुलाच्या आकाराचं काहीही एका दिवसात दारात येतं. साधन वाढलं. साधन कसं पारखायचं आणि कसं सांभाळायचं हे सांगणारी माणसं मात्र त्याच वेगाने कमी होत आहेत. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. त्या स्पर्धेने आणि गिरणगावच्या कामगार रंगभूमीने पडद्यामागे हुशार माणसांची एक फळी तयार केली होती. दिवसा खात्यात यंत्र सांभाळणारा माणूस रात्री नाटकाची प्रॉपर्टी सांभाळायचा, आणि लोखंड-लाकडाची जाण त्याच्या बोटांत असायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं उपनगरांत पांगली. परळचं दामोदर नाट्यगृह शंभरी गाठून २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. प्रॉपर्टीच्या ट्रंका कुठे गेल्या याची कोणी नोंद ठेवली नाही. जे ज्ञान तोंडी होतं ते कागदावर आणावं, हा या पुस्तकाचा मुख्य हेतू.

म्हणून ते कॅटलॉगसारखं रचलेलं नाही. किमती वर्षभरात जुन्या होतात, दुकानं बदलतात. इथे भर आहे तो पारखण्यावर: हातात घेतल्यावर आधी काय हलवून पाहायचं, कोणती खोट रंगाने झाकते आणि कोणती झाकत नाही, कोणत्या काळाला कोणता आकार, भाड्याने कधी घ्यावी आणि घडवून कधी घ्यावी. नटाच्या हाताची तालीम हा भाग मी मुद्दाम मोठा ठेवला आहे. चांगल्या हातात साधी नक्कल तरते, अवघडलेल्या हातात उंची नक्कलही बुडते. खऱ्या शस्त्रांच्या दुरुस्तीची, दारूगोळ्याची किंवा नेमबाजीची माहिती यात नाही आणि पुढच्या आवृत्तीतही ती येणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. गिरगावातल्या वाड्यांत, लालबाग-परळच्या चाळींत, मंडळांच्या माळ्यांवर जुन्या नाटकांच्या ट्रंका अजून असतील. त्यांत लाकडात कोरलेलं, पत्र्यात वळवलेलं, लगद्याचं किंवा फायबरचं पिस्तूल सापडलं तर ते भंगारात देऊ नका. त्याचं छायाचित्र घ्या. कोणत्या नाटकासाठी, कोणत्या साली, कोणी घडवलं हे घरातल्या थोरामोठ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी त्या वस्तूलाच बांधून ठेवा, आणि तिची एक प्रत प्रकाशकाकडे पाठवा. घडवणाऱ्याच्या नावासह ती पुढच्या आवृत्तीत छापली जाईल.